सहा फ्रेम आधी

बाबांचं हसू धाकटीनं सहा फ्रेम आधी कापलं.

त्या हसण्याला शेवटी खोकल्याचं शेपूट होतं. मान मागे टाकून, सबंध छाती हलवत बाबा हसत होते, आणि हसू संपता संपता त्यांचा हात उजव्या कुशीवर जात होता. चेहरा क्षणभर कुणा परक्या माणसाचा होत होता. तो क्षण गेला, नुसतं हसू उरलं. त्यापाठोपाठ तिनं खिडकीजवळची रिकामी खुर्ची लावली, खुर्चीवर सकाळचं ऊन, आणि त्या उन्हावर बाबांचा आवाज: "अगं, मी इथंच आहे, जातोय कुठं." मुळात हे वाक्य त्यांनी न्हाणीघरातून ओरडून सांगितलं होतं, कारण आई त्यांना घरभर शोधत होती आणि दादा गंमत म्हणून शूटिंग करत होता. पण खुर्चीवर ते असं काही बसलं की धाकटीनं चार वेळा मागे-पुढे करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाली.

आईबाबांच्या लग्नाला रविवारी पंचेचाळीस वर्षं होणार होती. घरी वीसेक माणसं येणार, आणि सगळ्यांनी मिळून बघायला धाकटीनं तीन मिनिटांची फिल्म करायची, असं वहिनीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. एकोणीस वर्षं ट्रेलर कापणाऱ्या बाईला तीन मिनिटं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ. दादाचा फोन, वहिनीचा फोन, माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी, सगळं तिनं गोळा केलं. आईचा फोनही घेतला. त्यात मात्र माणसं जवळजवळ नव्हतीच. खुर्ची होती, टेबलावर घडी घातलेला चष्मा होता, दारातल्या चपला, दाढीचा आरसा. आईला फोनचा कॅमेरा कधी चालू होतो ते कळत नाही, असं म्हणून धाकटी हसली होती. तरी खुर्ची घेतली. चांगली होती.

ऑफिसात दिवसभर भुताचा ट्रेलर कापायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आईबाबांची फिल्म, असे चार दिवस गेले. भुताच्या ट्रेलरला डोकं लागत नाही, हात लागतो. आवाज हळूहळू काढून घ्यायचा, बघणारा खुर्चीत पुढे सरकला की दणका द्यायचा. दार उघडायचं, पण पुरतं कधी उघडायचं नाही. मारामारीचा असेल तर तीन दणके, काळा पडदा आणि कुणीतरी दातओठ खात पुटपुटलेलं एक वाक्य. हसऱ्यात ऐन भरात संगीत तोडायचं, कुणीतरी येडपटासारखं बोलायचं; आणि सिनेमाचं नाव पडून गेलं, लोक उठायला लागले, की एक जास्तीचा शॉट टाकायचा. तो लोक घरी घेऊन जातात. आणि रडका? रडक्याचे नियम सगळ्यांत सोपे. पहिल्या अर्ध्या मिनिटात जो सर्वांत जास्त हसतो, तो मरतो. त्याचं हसू संपू द्यायचं नाही. पुढे त्याचा आवाज दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर टाकायचा आणि त्याची एखादी वस्तू रिकामी दाखवायची.

हे सगळं तिला शिकवलं ते बाबांनी. फिल्मच्या पट्ट्या गळ्यात अडकवून फिरायचे तेव्हापासून ते या धंद्यात. स्टुडिओत त्यांना सगळे कात्रीमास्तर म्हणत. निवृत्त झाले, पण जित्याची खोड जाते थोडीच. घरी टीव्हीवर ट्रेलर लागला की हे आधी आवाज बंद करणार. "आवाज हा होयबा असतो," म्हणायचे. "कशालाही मान डोलावतो. आधी मुका बघावा, मग बोलका." आणि मुका बघूनच सांगायचे, हा अमुक कुळीचा. ट्रेलर गोष्ट लपवतो, कूळ लपवत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई तिथंच कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असायची. एकदा मान वर करून पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "तो निळ्या स्वेटरवाला जाणार." कधी चुकली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी फिल्म पुरी झाली, तेव्हा शेजारच्या खोलीतला साउंडवाला दारात उभा होता. तो बाबांना कधी भेटलेला नव्हता. कॉफीचा कप हातात धरून त्यानं तिन्ही मिनिटं पाहिली. शेवटी त्यानं नाक ओढलं.

"फार सुंदर झालंय," तो म्हणाला. "कधी गेले?"

"कोण?"

"बाबा तुमचे."

धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली. माणूस जिवंत आहे, चार वाजता इथं येणार आहे, हे तिनं त्याला सांगितलं नाही. तो बिचारा सॉरी म्हणून निघून गेला.

कारण बाबा जाणारच होते. महिन्यापूर्वी दादा एकटा जाऊन रिपोर्ट घेऊन आला होता. गाडी रस्त्याच्या कडेला लावून त्यानं धाकटीला फोन केला. चार महिने, फार तर पाच. दादानं तिथंच ठरवलं: बाबांना अल्सर म्हणून सांगायचं.

"त्यांचा धीर सुटेल गं," तो म्हणाला होता. "आहेत ते दिवस तरी हसत जाऊ देत."

"आणि आई?"

"आईला तर मुळीच नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिचा चेहरा बघूनच बाबांना कळेल."

म्हणून आईलाही अल्सर. आई त्या दिवसापासून तिखट न घालता स्वयंपाक करत होती आणि डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होती. धाकटीला हे पटलं नव्हतं. आईबाबांशी खोटं बोलणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. पण मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर जायचं, आणि उद्या बाबांनी अंथरूण धरलं तर तो दोष आपल्या माथी घ्यायचा, एवढी तिची छाती नव्हती. महिनाभर तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि आज तिच्याच हातांनी, जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा तुकडा तोंडात धरून, बापाचा रडका कापून ठेवला होता. तिला विचारलंसुद्धा नव्हतं त्या हातांनी.

तिनं घड्याळ पाहिलं. सव्वातीन. पहिला कट बाबाच बघणार, हा धंद्यातला रिवाज होता आणि घरातलाही. म्हणजे पाऊण तास. सगळं उकलून पुन्हा विणायला तेवढा पुरला नसता. तिनं फिल्ममागे वाजणारा पियानो काढला आणि त्याजागी एक टाळ्याबिळ्यांची, उड्या मारणारी धून टाकली. नवी धून लागली आणि फिल्मचं तोंडच बदललं. तीच खुर्ची आता सकाळची खुर्ची वाटायला लागली, माणूस चहा आणायला उठलाय आणि आत्ता येईल अशी. धाकटीला जरा हायसं वाटलं.

बाबा साडेतीनलाच आले. ते सगळीकडे अर्धा तास आधी जात. सदऱ्याच्या गळ्यात मान सैल झाली होती, जिना चढून दम लागला होता, तो त्यांनी दारातच उभं राहून, पोस्टरं बघतोय असं दाखवत जिरवला.

"हे काय चाललंय, भूत?"

"हो. पुढच्या शुक्रवारी देणार."

"दार पुरतं उघडलं नाहीस ना?"

"नाही, बाबा."

"शाबास." त्यांनी तिची खुर्ची ओढून घेतली आणि बसले. "लाव आमचं लग्न."

तिनं फिल्म लावली. टाळ्यांची धून सुरू झाली, आणि बाबांचा हात, काही विचार न करता, तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीनं, पुढे गेला आणि त्यांनी आवाजाचं बटण पार खाली ओढलं.

धाकटी हे विसरली होती. जगात दुसरं कुणी विसरलं असतं तर चाललं असतं, तिनं विसरायला नको होतं.

तीन मिनिटं खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाबा चष्मा नाकावर पुढे ओढून बघत होते. लग्नातला फोटो. आई तरुण, आई रागावलेली. दादा रांगताना. बाबा हसताना, पुन्हा बाबा हसताना, आणि मग ते मोठं हसू, कापलेलं. खुर्ची. वहिनीचा चेहरा, दादाचा चेहरा, धाकटीचा स्वतःचा, सगळे ऐकत असल्यासारखे. दारातल्या चपला. काळा पडदा.

फिल्म संपली. त्यांनी ती पुन्हा लावली नाही, बोलकी बघितली नाही.

"कोणत्या कुळीचा आहे?" त्यांनी विचारलं.

"घरातली फिल्म आहे, बाबा. ट्रेलर कुठं आहे?"

"मी काय विचारलं?"

ती उभीच होती. टेबलाची कड तिनं अंगठ्यानं दाबून धरली होती.

"तू चांगली कापतेस," बाबा म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली. मी खुर्ची एवढा वेळ धरली नसती, मला भीती वाटली असती." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "थोरल्याला माहीत आहे?"

तिनं होकाराची मान हलवली.

"किती म्हणाले?"

"बाबा—"

"किती?"

"आता तीन महिने. फार तर चार."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. "पिक्चरला कमी पडतील," ते म्हणाले. "ट्रेलरला पुष्कळ झाले."

धाकटीला रडू फुटलं. महिनाभराचं तुंबलेलं होतं, ते असं एकदम आलं की तिला खाली बसावं लागलं. बाबांनी तिला रडू दिलं. अधूनमधून तिच्या डोक्यावर टपटप हात मारत राहिले, लहानपणी ठसका लागल्यावर मारायचे तसा.

"मला माफ करा, बाबा. मी मुद्दाम नाही हो केलं."

"मला ठाऊक आहे. मुद्दाम केलं असतंस तर एवढं चांगलं झालं नसतं." त्यांनी कमरेचा पट्टा दाखवला. "ही दोन भोकं मीच पाडलीत. अल्सरनं माणूस एवढा आटत नाही, एवढं मलाही कळतं. म्हटलं, तुम्ही लपवताय तर माझ्यासाठी लपवताय, लपवू देत. फक्त कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं." मग त्यांनी बोटानं पडदा दाखवला. "ती खुर्ची परत आण."

तिनं आणली. खिडकी, पडदा, खुर्ची, ऊन.

"ही कोणी काढली?"

"आईनं. म्हणजे तिच्या फोनमध्ये होती. चुकून चालू झाला असेल कॅमेरा."

"चुकून?" बाबा पुढे सरकले. "पूर्ण दाखव. कापलेली नको, मूळ."

मूळ शॉट एकवीस सेकंदांचा होता. सुरुवातीला खुर्ची सावलीत होती. बाबा सेकंद मोजत होते, ओठ हलत होते. ऊन खिडकीतून सरकत आलं, खुर्चीच्या हातावर चढलं, मग पाठीवर. तेवढा वेळ चौकट तसूभर हलली नव्हती.

"हात बघ," बाबा हळू म्हणाले. "कपाटाला टेकवून धरलाय. ऊन येईपर्यंत थांबलीय ती. माझा कॅमेरावालासुद्धा थांबत नसे." आणि मग, "तारीख काय आहे?"

धाकटीनं पाहिली. मनातल्या मनात दिवस मोजले, पुन्हा मोजले. दादा रिपोर्ट घेऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती.

तिनं मग बाकीचेही शॉट उघडले. चष्मा, घडी घातलेला, शेजारी पाण्याचं भांडं. चपला, माणूस जाईल त्या दिशेला तोंड करून लावलेल्या. आरसा, त्यात कुणी नाही. एकामागून एक, तारखेनं लावलेले, चाळीस. गेल्या महिनाभरात बाई तिखटाशिवाय स्वयंपाक करत होती, डॉक्टरांना शिव्या घालत होती, आणि सगळे बाहेर गेले की हे करत होती. धाकटीला आठवलं, आपण हे बघून हसलो होतो. तिला स्वतःची लाज वाटली.

स्वतःच्या मरणाचं ऐकून बाबांचा जो चेहरा हलला नव्हता तो आता हलला. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला आणि खिडकीकडे बघत राहिले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

"एकटीनं," ते शेवटी म्हणाले.

"मी बोलते आईशी. आजच बोलते."

"काही बोलायचं नाही." आवाज परत कात्रीमास्तरांचा झाला होता. "मला कळू नये म्हणून ती महिनाभर एवढं करतेय. मला कळलं नाही, असंच तिला वाटलं पाहिजे. खुर्ची काढ. चपला काढ. हसरा करायचा."

"आई विचारेल, माझे शॉट कुठे गेले."

"नाही विचारणार. बस इथं. मी सांगतो तसं लाव."

साडेसहापर्यंत दोघं कापत होती. संगीत ऐन भरात तोडलं. दादा पाटावरून पडतो ते घेतलं, वहिनीचा केक कोसळतो तो घेतला. मोठ्या हसण्यापाशी आल्यावर बाबा म्हणाले, "हसऱ्यात हसू पुरं होऊ द्यावं लागतं. पुरं लाव." तिनं मुकाट्यानं मूळ शॉट लावला. हसू झालं, खोकला आला, हात कुशीवर गेला. बाबांनी ते स्वतःचं तोंड नीट बघून घेतलं.

"बरोबर कापलं होतंस," ते म्हणाले. "मग असं कर. हसणाऱ्यावर थांबू नकोस. बरोबर खोकल्याच्या आधी दुसऱ्याच्या तोंडावर जा. लोकांना वाटतं, हसू तिकडे चालूच आहे." तिनं तिथं आईचा चेहरा टाकला, दादाच्या लग्नातला, तोंडाला पदर लावून हसणारा. "हां," बाबा म्हणाले. "असं."

शेवटी नाव पडून गेल्यावरचा जास्तीचा शॉट त्यांनी स्वतः निवडला. ते घरभर चष्मा शोधताहेत, आई मागून येते आणि त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली नाकावर ओढते. एवढंच.

रविवारी दुपारी दिवाणखान्यात पडदे ओढून फिल्म दाखवली. वीसच्या जागी तीस माणसं आली होती. दादा पाटावरून पडला तेव्हा छप्पर उडेल इतकं हसले सगळे. धाकटी दाराशी उभी राहून पडद्याकडे न बघता आईकडे बघत होती. आई पुढेच बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. मोठं हसू आलं तसा तिचा एक हात दुसऱ्यावर गच्च आवळला गेला. मग पडद्यावर तिचाच चेहरा आला. पुढे केक आला, गंमत आली, चष्मा आला, फिल्म संपली. आईनं हात सोडला. एवढा वेळ धरलेला श्वासही सोडला असावा, कारण खांदे एकदम खाली आले.

स्वयंपाकघरात ती कप मांडत होती तेव्हा धाकटी मागून गेली.

"छान केलास," आई म्हणाली. "हसरा केलास ते बरं केलंस." दोन कप मांडून झाले. "यांनी आधी बघितला होता?"

"नाही. वेळच नाही मिळाला."

उभ्या जन्मात न जमलेलं खोटं ते, तोंडातून सहज निघून गेलं. आईनं तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कपांकडे.

"माझ्या फोनमधलं काही घेतलं नाहीस."

"बसलं नाही गं कुठे."

"नाहीच बसणार. मला आपलं वाटलं होतं, तू घेतेस की काय." आईनं कपांचा ट्रे उचलला आणि दारात थांबली. "ते यांना दाखवू नकोस हां कधी. नंतर तुला ठेव."

बाहेर सगळ्यांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली होती. आई ट्रे ठेवून या वेळी मागे, बाबांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. पुन्हा केक कोसळला, पुन्हा नाव पडलं, पुन्हा चष्मा नाकावर आला, आणि बाबा मान मागे टाकून, सबंध छाती हलवत हसले. धाकटीनं त्यांचा हात कुशीकडे निघालेला पाहिला. दादानंही पाहिला असावा, तो अर्धवट उठला.

"चहा कुणाकुणाला?" आई मोठ्यानं म्हणाली आणि उभी राहिली. "हात वर करा, बिनसाखरेचे वेगळे."

तीसच्या तीस माना आईकडे वळल्या, हात वर झाले, गलका झाला. आई एकेक हात मोजत होती, सावकाश, मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून. तिच्या पाठीआड बाबांनी रुमाल तोंडाशी धरला होता आणि ते खोकत होते. रुमाल खिशात गेल्यावरच तिचं मोजणं संपलं.